मशाल कोण विझवतं

मी कॉम्प्युटर गेममधल्या मारामाऱ्या रचते. हे वाक्य मी गेली सात वर्षं लोकांना सांगते आहे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच ते येतं, आधी हसू आणि मग 'म्हणजे नक्की काय करता?' नोएडातल्या आमच्या सोसायटीत एका शेजारणीला मी ऑफिसातला शब्द वापरून 'एन्काउंटर डिझाइन करते' असं सांगितलं, तर पुढचे दोन महिने ती मला पोलिस खात्यातली समजत होती आणि पार्किंगच्या भांडणांत मध्यस्थीला बोलवत होती. पुण्याला सासूबाई सरळ सांगतात की सून कॉम्प्युटरमध्ये आहे. ते बरं.

तर नक्की काय, ते एकदाचं सांगून टाकते. काही लोक टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन एक खेळ खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि तलवार लागली की हुकली ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. आमचा गेम त्याच जातीचा, फक्त टेबलाच्या जागी कॉम्प्युटर. तुमची चार माणसं, समोर शत्रू, आळीपाळीने चाल. कोण कुठे उभं राहणार, शत्रू कुठून येणार, काळोख किती, पळायला वाट आहे की नाही, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. ती कोणीतरी म्हणजे मी. आणि मला माझं काम येतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी फार शहाणी दिसत नाही.

त्या गेमच्या पहिल्या तासातली एक लढत माझी फार लाडकी होती. तुमची चार माणसं एका जुन्या बावडीत उतरतात. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, आपल्याकडची बारव. आत काळोख, चौघांपैकी एकाच्या हातात मशाल. ते तळाशी पोचले की वरच्या कठड्यांवर सहा तिरंदाज उभे राहतात आणि बाण सुरू होतात. आता नवखा खेळाडू काय करतो? सगळ्यांना मशालवाल्याभोवती गोळा करतो, कारण उजेडात बरं वाटतं. आणि नेमके उजेडात असल्यामुळेच बाण लागतात. उजेडातल्या माणसाला मारायला तिरंदाजाला फाशावर आठ पडले तरी पुरतात, काळोखातल्याला मारायला अठरा लागतात. म्हणजे करायचं काय, तर मशाल पाण्यात बुडवायची. पाणी तिथेच आहे, दोन घरांवर. मशाल विझली की तिरंदाज आंधळे, आणि मग तुम्ही सावकाश पायऱ्या चढून त्यांना गाठायचं.

ही कल्पना सुचली तेव्हा मी मेट्रोत होते आणि स्वतःवर इतकी खूश झाले की माझं स्टेशन मागे गेलं.

शिवाय मी खुणा ठेवल्या होत्या. मी काही खेळाडूला वाऱ्यावर सोडणारी बाई नाही. एका पायरीवर सांगाडा ठेवला, त्याच्या मुठीत जळकी मशाल आणि बरगड्यांत नऊ बाण. त्याआधीच्या प्रसंगात एक पाणक्या सांगतो की या बावडीत दिवा घेऊन उतरलेला कोणी परत आलेला नाही. आणखी काय करायचं? पाटी लावायची?

आमच्या ऑफिसात पद्धत अशी की प्रत्येक लढत आधी कागदावर खेळायची. जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरला, आपली माणसं म्हणून शर्टाची बटणं मांडली, तिरंदाज म्हणून शेंगदाणे. गोष्ट सांगायला मी, खेळायला आमचा बॉस आणि आणखी तिघं. बॉस दिल्लीतच वाढलेला पंजाबी माणूस, मनाने चांगला आणि आवाजाने त्याहून मोठा. तिसऱ्या पाळीला त्याने मशाल पाण्यात टाकली आणि टेबलावर असा काही गलका झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. मग त्याने मेलेला तिरंदाज उचलून खाल्ला. त्याच दिवशी बावडी डेमोत, म्हणजे बाहेर दाखवायच्या नमुन्यात, घ्यायची ठरली.

कागदानंतर कॉम्प्युटर. तिथे लढत तयार झाली की ती ज्याने पाहिलेली नाही अशा माणसाला खेळायला बसवायचं. त्यासाठी आमच्याकडे काचेची एक खोली आहे. आत एक खुर्ची खेळणाऱ्याची, तिच्यामागे एक माझी. नियम एकच, मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही. हा नियम मी स्वतः लिहून दारावर चिकटवला आहे, लाल अक्षरांत. ऐकायला सोपा वाटतो. समोरचा माणूस धडधडीत खड्ड्यात पाय टाकतो आहे आणि आपण वहीत लिहायचं, 'खड्ड्यात पाय टाकला'. जीव नुसता वरखाली होतो. पण मी पाळला. त्या खोलीत माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं.

अकरा जण बसवले. अकराही जिंकले. कोणी काठावर, कोणी दोन माणसं गमावून, पण जिंकले.

त्यातला पहिला आमचा टेस्टिंगचं काम बघणारा सहकारी. मूळचा वसईचा. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे डबाही एकत्र आणि गाऱ्हाणीही एकत्र. माणूस इतका भिडस्त की गेटबाहेरचा चहावाला त्याच्या चहात तीन वर्षं दुप्पट साखर घालतो आहे, आणि आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं म्हणून हा तोंड वाकडं करून पितो. त्याला मी विचारलं, कशी वाटली? तो म्हणाला, मस्त. मला आणखी काय हवं होतं?

मग त्या सोमवारी मेल आलं. बंगळुरूची एक कंपनी आमचा गेम बाजारात आणायचा विचार करत होती, तिच्याकडे डेमो पाठवलेला होता. त्यांच्या चार माणसांनी आपापल्या जागी बसून तो खेळून पाहिला होता. चौघंही बावडीत मेले. एकेकदा नाही, एकजण तर नऊ वेळा. आणि चौघांनीही तिथेच गेम बंद केला. बावडीच्या पुढचं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं.

बॉसने मला बोलावलं आणि शुक्रवारपर्यंत निकाल लावायचा म्हणाला. शुक्रवारी लढत चालत नसेल तर ती काढायची आणि तिच्या जागी मोकळ्या माळावर दरोडेखोरांशी सरळ हाणामारी टाकायची. सरळ हाणामारी! मी सात वर्षं काय झक मारायला बसले होते? मी खुणा मोजून दाखवल्या, सांगाडा दाखवला, पाणक्या दाखवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मशाल कौन बुझाता है, यार?"

मी म्हटलं, तुम्ही विझवलीत की, शेंगदाणे खाताना.

मग त्याने मला खूश करायला म्हणून आणखी एक पिल्लू सोडलं. माळच हवा असेल तर पानिपत घे ना, तू तर महाराष्ट्राची आहेस. दिल्लीत मराठी माणसाची ओळख म्हणजे पानिपत आणि वडापाव, तिसरं काही नाही. आम्ही जानेवारीत मराठी मंडळाच्या बसने काला अंबला, पानिपतच्या स्मारकावर, जातो. तिथे उभं राहिल्यावर मला आजवर एकदाही लढतीची रचना सुचलेली नाही, नुसती चप्पल काढून हात जोडते. त्याचं मी शेंगदाण्यांनी काय करू? पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी मूग गिळून बाहेर आले.

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. नवरा केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, रोज मेट्रोने दिल्लीला जाऊन येतो, आणि माझं डोकं फिरलेलं दिसलं की 'बरं' एवढंच म्हणतो. मुलगी पाचवीत, जेवणाच्या टेबलावर गणित घेऊन बसली होती. मी पोळ्या लाटता लाटता बोलत सुटले. लोकांना वाचायला नको, बघायला नको, सगळं आयतं तोंडात भरवायला हवं. चार जण मेले म्हणून अकरा खोटे? मधूनमधून मुलीच्या वहीत डोकावत होते, पुन्हा बोलत होते. नवरा म्हणाला, बरं, मग ते अकरा जिंकताना दाखव ना त्यांना. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं ना सगळ्याचं?

त्या माणसाने चोवीस तासांत एक वाक्य बोलावं आणि ते असं असावं. मी त्याला एक पोळी जास्त वाढली.

मंगळवारी मीटिंगच्या खोलीत बॉस, माझा वसईचा मित्र आणि मी. रेकॉर्डिंगमध्ये स्क्रीन दिसतो, कोपऱ्यात खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि खोलीतला आवाज असतो. मी ही रेकॉर्डिंगं नेहमी आवाज बंद करून, दुप्पट वेगाने बघते. खेळताना लोक पुटपुटतात, शिव्या घालतात, ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण मीटिंगच्या खोलीतल्या टीव्हीचा रिमोट हरवून वर्ष झालंय आणि त्याचा आवाज कोणाच्या बापाला बंद करता येत नाही.

अकाउंट्समधली एक मुलगी खेळत होती. एअर प्युरिफायरची घरघर ऐकू येत होती. तिने मशालवाल्याला उचललं आणि बाकीच्या तिघांकडे न्यायला लागली. च्च. तिचा हात थांबला. मग ती त्याला पायऱ्यांकडे न्यायला लागली. च्च. पुन्हा थांबला. मग पाण्याकडे. नुसती घरघर. तिने क्लिक केलं आणि मशाल विझली.

बघा, मी म्हटलं. खरं सांगते, मला तोवर काही ऐकूच आलं नव्हतं.

बॉसने पुढे वाकून ते मागे नेलं. पुन्हा लावलं. मग छताकडे बघत विचारलं, "कमरे में छिपकली है क्या?"

माझ्या मित्राने मान खाली घातली. त्या मान घालण्याने मला कळलं.

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. एखाद्या वेळी आलं असेल तोंडून, योगायोग आहे. बॉसने दुसरं लावलं. तिसरं लावलं. अकराच्या अकरा लावली, आणि मी त्या खुर्चीत बसून दीड तास स्वतःला ऐकत होते. च्च एका जातीचं नव्हतंच. मशाल बाकीच्यांच्या जवळ गेली की बारीक च्च, सगळे एका ठिकाणी गोळा झाले की लांबलचक. बाण लागला की नाकातून सोडलेला श्वास, 'मी म्हणत नव्हते?' असा. आणि माऊस पाण्याकडे वळला की सगळं शांत. एकाच्या वेळी तर चक्क 'हं'. दारावर लाल अक्षरांत नियम, आणि आत मी माणसं हाकत होते बैल हाकल्यासारखी. बॉसला हसू आवरेना. हसता हसताच त्याने कबूल केलं की टेबलावरही तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. त्याने मशाल उचलली तेव्हा माझे डोळे पाण्याच्या चौकटीवर गेले होते म्हणे.

त्यानंतर मी माझ्या मित्राला गेटबाहेरच्या टपरीवर गाठलं. त्याच्या हातात तो साखरेचा पाक होता. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं?

"मशालीचं मला कधी कळलंच नाही गं," तो म्हणाला. "तुझं च्च थांबलं की मी क्लिक करायचो."

मग सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने मला सांगितलं होतं की पुलावरच्या लढतीत गोंधळ होतो, कुठे जायचं ते कळत नाही. मी त्याला पाऊण तास समजावून सांगितलं होतं की त्यात गोंधळ होण्यासारखं काही नाही. मला आठवत होतं ते. माझ्या आठवणीत ती चर्चा छान झाली होती. तेव्हापासून त्याने ठरवलं की जिंकायचं आणि घरी जायचं. आणि तो एकटा नव्हता. नवीन माणूस आला की बाकीचे त्याला आधीच सांगून ठेवायचे, मागे कान ठेव, लवकर सुटशील.

मला त्याचा इतका राग आला की ग्लास तिथेच ठेवून मी निघून आले. तीन वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्लीस, आणि एवढं सांगता आलं नाही? रस्ता ओलांडताना मात्र लक्षात आलं की हा राग घेऊन जायचं कुठे ते माहीत नाही. त्याने सांगितलं होतं. मीच त्याचा पाऊण तास घेतला होता.

बुधवारी मी माझी खुर्ची काचेच्या खोलीबाहेर काढली. आत चित्रं काढणारी एक नवी मुलगी बसली. बावडी तिने पाहिलेली नव्हती, पण आधीच्या दोन लढतींना मी तिच्यामागे बसलेली होते. मी बाहेरून बघत होते, दार बंद. बाण सुरू झाले. तिने मशालवाल्याला उचललं, बाकीच्यांकडे नेलं आणि क्लिक न करता थांबली. दुसरीकडे नेलं, थांबली. मग तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे खुर्चीच नव्हती. मग तिने चौघांना उजेडात गोळा केलं, आणि चौघंही मेले. दुसऱ्यांदा मेले. तिसऱ्यांदा मेल्यावर ती बाहेर आली आणि मला सॉरी म्हणाली.

सॉरी कशाबद्दल? ती तर पहिली खरी खेळाडू होती. हे तिला सांगायला हवं होतं, पण मला ते तेव्हा सुचलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. फक्त बावडी नाही, पूल, सराई, उसाच्या फडातली लढत, सात वर्षांत जे जे रचलं ते सगळं मी मागे बसून तपासलं होतं. त्यातली एकतरी लढत माझ्याशिवाय उभी राहते का, हे मला माहीतच नव्हतं. इतकं रडू आलं की वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून पुन्हा चिडले.

उरलेला दिवस नुसती झटापट. सांगाडा मोठा केला. मशालीचा उजेड जमिनीवर पिवळ्या वर्तुळासारखा दाखवला. पाणक्याचं बोलणं वाढवलं. प्रत्येक वेळी खालच्या मजल्यावरून कोणीतरी नवीन माणूस आणून बसवायचा, आणि मी काचेबाहेर नखं खात उभी. पाणक्याचं बोलणं कोणी वाचेना. पिवळं वर्तुळ बघून तर लोक उलट म्हणाले, अरे वा, इथे सुरक्षित असणार, आणि सगळे त्यात जाऊन उभे राहिले. मी हात टेकले.

गुरुवारी सकाळी बॉसने त्याची कल्पना सांगितली. मंगळवारीच त्याच्या डोक्यात आली होती, पण तेव्हा मी फाडून खाल्लं असतं म्हणून थांबला होता. चौघांच्यात एक म्हातारी वैद्यीण आहे ना, तिच्या तोंडी ते च्च घाल. मशाल बाकीच्यांच्या जवळ नेली की ती च्च करेल. पाण्याकडे नेली की गप्प बसेल. बस्स.

मी नाही म्हटलं. लढतीने स्वतःचं स्वतः बोललं पाहिजे, ही असली कुबडी कशाला, असं बरंच काही म्हटलं. आतून खरं कारण वेगळं होतं. माझी ऑफिसभर जी शोभा झाली होती ती आता गेममध्ये कायमची कोरली जाणार होती. बॉसने घड्याळ दाखवलं. माळावरची हाणामारी त्याने दुसऱ्या एकाला करायला सांगून ठेवलीच होती. बावडी वाचवायची की तोंड वाचवायचं, एवढाच प्रश्न उरला. मी बावडी म्हटलं.

आमच्याकडे आवाज घ्यायची खोली म्हणजे सामानाचं एक कपाट, आतून रजया ठोकलेलं. त्यात मी उभी, आणि माइक धरायला माझा मित्र, कारण आवाजाचं कामही तोच बघतो. दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो. मी च्च केलं. पोपटाला पेरू दाखवावा तसं आलं. पुन्हा केलं. शेळीला हाकल्यासारखं. जन्मभर जे माझ्या नकळत तोंडातून बाहेर पडत होतं, ते ठरवून काही केल्या येईना. वीसेक वेळा करून झालं. रजयांत घुसमटायला झालं होतं, त्यात त्याचा पाय वायरीत अडकला आणि माइक माझ्या नाकावर येऊन आदळला.

"मिळालं," तो म्हणाला. मी काय केलं ते मला कळलंही नव्हतं.

मग आम्ही दोघंही हसलो. मी त्याला सॉरी म्हटलं, नीट, पूर्ण वाक्यात. तो म्हणाला, राहू दे गं. पण निघताना टपरीवर त्याने चहावाल्याला साखर कमी घालायला सांगितली, आणि चहावाल्याने नुसतं बरं म्हटलं.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या कंपनीतले पाच जण बसवले, ज्यांनी मला किंवा बावडीला कधी पाहिलं नव्हतं. मी खोलीपाशीही थांबले नाही, खाली जाऊन उभी राहिले. बॉस स्वतः खाली आला सांगायला. चौघं जिंकले होते, पाचवा हरला आणि पुन्हा खेळू द्या म्हणाला. म्हातारी सगळ्यांना फार आवडली होती. एकजण म्हणाला, अगदी खऱ्या माणसासारखी आहे. बावडी राहिली. बंगळुरूहूनही पुढच्या आठवड्यात होकार आला. मला आनंद झाला, खरंच झाला. नाक अजून दुखत होतं एवढंच.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मुलगी मागे लागली, आई, मला पण खेळू दे ना तुझा गेम, सब लोग खेळतात. गृहपाठ उरला होता. पण माझा मूड चांगला होता, म्हणून मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, बावडी लावून दिली आणि स्वयंपाकघरात कणीक मळायला गेले. मुद्दामच गेले. आता आपण मागे उभं राहायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. दारातून तिची पाठ दिसत होती. मांडी घालून, पुढे झुकून, केस तोंडावर, अगदी रंगात आली होती.

बाण सुरू झाल्याचा आवाज आला. मग म्हातारीने च्च केलं.

मुलीची पाठ ताठ झाली. माऊसवरचा हात तिने चटकन मांडीवर घेतला. "सॉरी आई," ती म्हणाली, मागे न बघता, आणि लॅपटॉप मिटून गणिताची वही उघडली. पेन्सिल घेतली. एका बेरजेवर नेली आणि थांबली. मागून काही येतंय का, याची वाट बघत थांबली.

मी कणकेच्या हातांनीच बाहेर आले. अगं, मी नव्हते ती, मी म्हटलं. ती गेममधली म्हातारी होती. खेळ तू.

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती, रडवेली नव्हती, नुसती समजून घेत होती.

"पण आई," ती म्हणाली, "आवाज तर तुझाच होता ना."